गादीवाफ्याला पाणी: थोडं, वेळेवर आणि मुळाशी



अंगणात किंवा गच्चीवर गादीवाफा कसा भरावा, हे आम्ही या सदरात लिहिलं आणि त्यावर वाचक भगिनींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. भाजी लावायला सांगता ते ठीक, पण आमच्या मोहल्ल्यात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येतं. मग प्यायचं पाणी जपायचं की मेथी जगवायची?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. माणसाच्या तोंडचं पाणी काढून वाफ्याला घालू नये. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या साठ्यातला एक लोटाही भाजीला न लागता वाफा हिरवा राहत असेल, तरच तो आपल्या घरात शोभतो. आमच्या अंदाजाने बहुतेक घरांत हे जमण्यासारखं आहे. त्यासाठी वाफ्याला किती पाणी लागतं, ते घरातूनच कसं निघतं आणि ते मुळापर्यंत कसं पोहोचवायचं, एवढ्या तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतील.

आपल्या शहराची गोष्ट

पाण्याचा विचार आपल्या शहराला नवा नाही. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, तेव्हा नावाप्रमाणेच ही जागा खडकाळ होती. त्याने उत्तरेच्या डोंगराकडचं जमिनीतलं पाणी अडवलं आणि मातीच्या नळांतून, दगडी बांधकामातून शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की झाली. तिथेही डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून हौदात पाडलं आणि त्याच पाण्याच्या जोरावर फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ दळलं. या नहरींना ना वीज लागत होती ना पंप. पाणी उंचावरून खाली येतं, हा कुदरतीचा नियम, त्याचा त्यांनी पुरेपूर उपयोग करून घेतला.

आज आपलं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून येतं. गोदावरीचं खोरं खाली आणि शहर उंचावर, त्यामुळे थेंब न् थेंब पंपाने वर चढवावा लागतो. वीज गेली, जलवाहिनी फुटली की मोहल्ल्याचे दिवस पुढे ढकलले जातात. इतक्या मेहनतीने वर आलेलं पाणी पाइप लावून मातीवर सोडून देणं बरं दिसत नाही. जुन्या नहरींकडून मात्र आपण दोन गोष्टी घेऊ शकतो, मातीचं भांडं आणि उतार. पुढचे बहुतेक उपाय याच दोन गोष्टींवर उभे आहेत.

वाफ्याला लागतं तरी किती?

सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद वाफा धरू. मीटरच्या हिशेबात तो पावणेदोन चौरस मीटरपेक्षा थोडा कमी भरतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. थंडीच्या दिवसांत माती आणि पानं मिळून दिवसाला साधारण तीन मिलिमीटर पाणी उडतं, एप्रिल-मेच्या उन्हात सहा किंवा त्याहून जास्त. म्हणजे या वाफ्याला हिवाळ्यात रोज पाच लिटर आणि कडक उन्हाळ्यात दहा-बारा लिटर पाणी पुरतं. उन्हाळ्यातला सगळा खर्चसुद्धा एका बादलीच्या आत बसतो.

गादीवाफा जमिनीपेक्षा लवकर सुकतो, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच्या चारी बाजूंना वारा लागतो, विटा किंवा पत्रा तापतो आणि जास्तीचं पाणी खालून निघून जातं. शिवाय आपल्याकडची काळी माती एकटीच भरली तर वाळल्यावर तिला भेगा पडतात. मग वरून घातलेलं पाणी मुळांना न भेटता भेगांतून सरळ खाली जातं. म्हणून एक हिस्सा काळी माती, एक हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक हिस्सा कोकोपीट किंवा बारीक पालापाचोळा, असं मिश्रण ठेवावं. अशी माती पाणी धरूनही ठेवते आणि जास्तीचं सोडूनही देते.

पाणी घरातूनच निघतं

आता बादली भरायची कुठून? वुजूपासून सुरुवात करू. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम एका मुद पाण्यात वुजू करत, असं हदीसमध्ये आलं आहे. मुदच्या मापाबद्दल उलमांमध्ये थोडा फरक आहे, पण ते लिटरभराच्या आतबाहेरच येतं. आपण नळ सोडून वुजू करतो, तेव्हा त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जातं.

आपण हिशेब लोट्याचा धरू. घरात तीन माणसं पाच वेळा वुजू करतात आणि प्रत्येक वेळी दीड लिटर लागतं. दिवसाचे झाले साडेबावीस लिटर. मसाहसाठी ओला हात फिरतो, थोडं इकडेतिकडे सांडतं, ते वजा केलं तरी पंधरा लिटर सहज जमा होतं. म्हणजे उन्हाळ्यातला अख्खा वाफा घरातल्या वुजूच्या पाण्यावर निघतो. वापरलेल्या या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण ते झाडांना घालायला काहीच अडचण नाही. त्यात साबण नसतो, मीठ नसतं. मोरीत किंवा अंगणात चौरंगावर बसून वुजू करायचा आणि समोर प्लास्टिकचा टब किंवा घमेलं ठेवायचं, एवढीच तयारी लागते.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि भाजी-फळं धुतलेलं पाणीही चालतं. मात्र ते त्याच दिवशी घालावं, ठेवलं तर आंबतं आणि वास येतो. एसीचं थेंब-थेंब पडणारं पाणीही वापरता येतं.

काही पाणी वाफ्यापासून दूर ठेवायचं. साबणाचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी पालेभाजीला नको. गोश्त किंवा मासळी धुतलेलं पाणी नको, त्याने माशा, मांजरं आणि उंदीर येतात. मीठ घालून उकळलेलं पाणी नको. कूलरच्या तळाशी उरलेल्या पाण्यात क्षार दाटलेले असतात, तेही नको. फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या वाया पाण्यातही क्षार जास्त असतात. ते फरशी आणि संडास धुवायला ठेवावं. रोज वाफ्यात गेलं तर मातीवर पांढरा थर येतो आणि पानांच्या कडा जळतात.

पावसाळ्यात तर घर आपोआप पाणी गोळा करतं. दहा फूट बाय दहा फूट गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर नव्वद लिटरच्या वर पाणी मिळतं. पन्हाळीखाली कापड बांधलेला ड्रम ठेवला तर पुढच्या उघडिपीची सोय होते. फक्त पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी वाहून जाऊ द्यावं.

कधी घालायचं?

वेळ लक्षात ठेवायला आपल्या घरात घड्याळाचीही गरज नाही. फजरच्या नमाजनंतरची वेळ सर्वांत उत्तम. माती थंड असते, वारा कमी असतो आणि ऊन चढण्याआधी मुळं पाणी पिऊन घेतात. सकाळी जमलं नाही तर अस्रनंतर घालावं. जुहरच्या उन्हात घातलेलं पाणी बरंचसं हवेत जातं. रात्री पानं भिजवली की ती रात्रभर ओली राहतात आणि त्यांच्यावर बुरशी येते.

रोज घालायलाच हवं असंही नाही. मातीत बोट दोन पेरं खुपसून पाहा. आत ओल लागली तर आज सुट्टी. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच धावू नये. वांगी, दोडका, भोपळा यांची पानं कडक उन्हात अशी लवतात आणि मगरिबपर्यंत पुन्हा ताठ होतात. सकाळीही मान टाकलेली दिसली तर मात्र झाड खरंच तहानलेलं आहे.

पहिला उपाय: पुरलेला मटका

सगळ्यांत जुना आणि आमच्या मते सगळ्यांत चांगला उपाय हाच. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या पुस्तकात त्याचं वर्णन आहे. इराणमध्ये तो कूजाच्या नावाने चालत आला. कच्च्या, न रंगवलेल्या मातीच्या भांड्याला बारीक छिद्रं असतात. भोवतालची माती सुकली की ती मटक्यातलं पाणी हळूहळू ओढून घेते, ओली असली की ओढ कमी होते. झाडाला जेवढं हवं तेवढंच जातं.

आपल्या सहा फुटी वाफ्यात मधोमध, एकमेकांपासून दोन फुटांवर, पाच-पाच लिटरचे तीन मटके गळ्यापर्यंत पुरावेत. तोंड मातीच्या वर दोन बोटं राहू द्यावं. मटक्याच्या चहूबाजूंना साधारण फूटभर ओल पोहोचते. टोमॅटो, मिरची, वांगी मटक्यापासून वीतभर अंतरावर लावावीत. तिन्ही मटके भरायला एक बादली लागते. आच्छादन असेल तर उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी आणि थंडीत चार-पाच दिवसांनी भरावं लागतं. पूर्ण रिकामा होण्याची वाट न पाहता निम्मा झाला की भरावा.

मटका निवडताना एक खूण पाहावी. नवीन मटका पाण्याने भरून ठेवला आणि काही तासांत बाहेरून सगळीकडे ओलसर झाला, तर तो कामाचा. घरातला जुना माठ पाणी गार करेनासा झाला म्हणून वाफ्यात पुरावा असं अनेकींना वाटतं. पण माठ गार करत नाही याचा अर्थ आपल्या जड पाण्यातल्या क्षारांनी त्याची छिद्रं बुजली आहेत. तो वाफ्यातही पाझरणार नाही. तडा गेलेला माठही नको, तो एका रात्रीत रिकामा होतो. वाफ्यातले मटकेही काही हंगामांनी असेच बुजतात. तेव्हा काढून काथ्याने घासावेत आणि तरीही पाझरले नाहीत तर बदलावेत.

मटक्यावर झाकण हवंच. उघड्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. थाळी किंवा झाकणीवर दगड ठेवला की काम झालं. साठवणीच्या ड्रमलाही हाच नियम लावावा. आठवड्यातून एक दिवस ड्रम रिकामा करून, घासून, कोरडा करून मग भरावा.

मटक्याची एक मर्यादा आहे. तो माती आतून ओली करतो, वरचा थर कोरडाच राहतो. त्यामुळे मेथी, पालक, कोथिंबिरीचं बी उगवेपर्यंत झारीने वरून हलकं पाणी द्यावं लागतं. पेरल्यावर ओलं गोणपाट अंथरलं तर पाणी निम्मंच लागतं. मेथी चार-पाच दिवसांत डोकं वर काढते, कोथिंबीर आठ-दहा दिवस घेते. कोंब दिसताच गोणपाट उचलावं.

दुसरा उपाय: उलटी बाटली

मटक्याला जागा नसेल तर दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यावी. टोपणाला तापलेल्या सुईने दोन-तीन बारीक छिद्रं पाडावीत, आतून मलमलच्या कापडाचा तुकडा लावावा म्हणजे माती अडकत नाही. बाटलीचं बूड कापून ती उलटी, टोपण खाली करून, झाडापासून चार बोटांवर मातीत रोवावी. वरून पाणी ओतता येतं. टोमॅटो किंवा वांग्याच्या एका झाडाला एक बाटली पुरते. पाणी तासाभरातच संपलं तर छिद्रं मोठी झालीत असं समजावं आणि टोपण बदलावं. वरचं तोंड जाळीच्या कापडाने बांधून ठेवावं.

तिसरा उपाय: उंचावरची बादली आणि ठिबक

ज्यांना रोज वाकून पाणी घालणं जमत नाही त्यांच्यासाठी हा उपाय. तीन फूट उंच कट्ट्यावर किंवा विटांच्या रचनेवर पन्नास लिटरचा ड्रम ठेवायचा. तळाशी तोटी, त्याला छोटी जाळीची गाळणी आणि पुढे ठिबकची काळी नळी. फूटफूट अंतरावर छिद्र असलेली नळी शेतीच्या दुकानात मिळते. वाफ्यावर तिच्या दोन ओळी टाकल्या की झालं.

इथेही पंप लागत नाही, पाणी नहरीसारखं स्वतःच्या वजनाने उतरतं. पण उंची कमी असल्याने दाबही कमी असतो. नळीवर तासाला दोन किंवा चार लिटर लिहिलेलं असलं, तरी तेवढं पडणार नाही. म्हणून एका छिद्राखाली पेला ठेवून तासाभरात किती जमतं ते मोजावं, आणि त्याला छिद्रांच्या संख्येने गुणावं. त्यावरून तोटी किती वेळ उघडी ठेवायची ते ठरतं. वुजूचं किंवा डाळ-तांदळाचं पाणी ड्रममध्ये घालण्याआधी कापडातून गाळून घ्यावं, नाहीतर छिद्रं बुजतात.

गच्चीवर हे करताना वजनाचा विचार हवा. फूटभर उंचीच्या आपल्या सहा फुटी वाफ्यात ओली माती आठशे किलोपर्यंत भरू शकते. अंगण असेल तर वाफा अंगणातच बरा. गच्चीवर करायचा असेल तर उंची कमी ठेवावी, कोकोपीटचं प्रमाण वाढवावं, वाफा खालच्या भिंतीच्या रेषेवर घ्यावा आणि घर जुनं असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय काही भरू नये.

चौथा उपाय: गावाला जाताना

शादी-ब्याहासाठी चार दिवस घर बंद राहणार असेल तर सुती दोरीच्या वाती कामाला येतात. पाण्याची झाकलेली बादली वाफ्याच्या कडेला थोडी उंचावर ठेवावी. दोरी भिजवून तिचं एक टोक बादलीच्या तळापर्यंत सोडावं आणि दुसरं मुळाजवळ मातीत दोन बोटं पुरावं. दिव्याची वात तेल ओढते, तशीच ही पाणी ओढते. याने सगळा वाफा भिजत नाही, पण मिरची-टोमॅटोची मोजकी झाडं तग धरतात. निघण्याआधी दोन दिवस करून पाहावं.

पाणी वाचवणारं पांघरूण

वरच्यापैकी कोणताही उपाय करा, त्यावर आच्छादन नसेल तर निम्मी मेहनत उन्हात जाते. मातीवर दोन-तीन इंच वाळलेला पाला पसरावा. आपल्या शहरात उन्हाळाभर रसवंत्या चालतात. उसाची चिपाडं मागितली तर बहुधा फुकट मिळतात. ती दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावीत म्हणजे मुंग्या येत नाहीत, मग तुकडे करून अंथरावीत. खोडाला चिकटवू नयेत, दोन बोटं जागा सोडावी.

एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हासाठी वर हिरवी जाळी बांधावी. जाळी नसेल तर जुनी पांढरी ओढणी बांधली तरी कोथिंबीर आणि पुदिना जळत नाहीत. पावसाळ्यात याच्या उलट करायचं. झडीच्या दिवसांत मटके रिकामे ठेवावेत आणि वाफ्याच्या खालची निचऱ्याची छिद्रं मोकळी आहेत ना ते पाहावं. पाण्यात उभी राहिलेली मुळं कुजतात.

बादली कोण उचलणार?

शेवटचा मुद्दा बागकामाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. पंधरा लिटरची बादली पंधरा किलोची असते. ती जिन्याने गच्चीवर कोण नेतं? बहुतेक घरांत अम्मी किंवा सून, तीही घरातली सगळी कामं आटोपून. पाणी आल्या दिवशी मध्यरात्री उठून पिंप-हंडे भरणारीही तीच. भाजीचा वाफा तिच्या कामात आणखी एका ओझ्याची भर घालणार असेल, तर तो घरासाठी बरकत कसा होईल?

म्हणून वाफा भरण्याआधी वाटणी ठरवून घ्या. वुजूच्या पाण्याचा टब ज्याचा वुजू शेवटचा झाला त्याने गाळून ड्रममध्ये ओतावा. बादली मुलांच्या अब्बांनी किंवा मोठ्या मुलाने न्यावी, दोन खेपांत अर्धी-अर्धी नेली तरी चालेल. बोट खुपसून ओल पाहणं आणि मटक्याची झाकणं तपासणं ही लहान मुलांची कामं, ती त्यांना आवडतातही. दादीजान बसल्या जागेवरून मेथी खुडतील. सर्वांनी हात लावला तर कोणालाच जड जात नाही.

सुरुवात लहान करा. या महिन्यात फक्त एक टब वुजूसाठी ठेवा आणि दिवसभरात किती पाणी जमतं ते मोजा. जेवढं जमेल तेवढ्यालाच पुरेल इतका वाफा भरा. दोन मटक्यांपुरतं पाणी निघालं तर दोन मटक्यांचा, एका बाटलीपुरतं निघालं तर एका मिरचीच्या झाडाचा. रमजानमध्ये इफ्तारच्या चटणीला पुदिना आणि खलियावर पेरायला मूठभर कोथिंबीर घरातून निघाली, तरी केलेल्या मेहनतीचं चीज झालं म्हणायचं. आणि थोडी जास्त निघाली तर शेजारच्या घरी द्यायला विसरू नका.

पुढच्या वेळी याच वाफ्यावर येणाऱ्या मावा आणि पांढऱ्या माशीचा घरगुती बंदोबस्त पाहू, इन्शाअल्लाह. तोपर्यंत तुमच्या घरात दिवसाला किती लिटर पाणी जमलं, ते आम्हाला अवश्य कळवा.